स्टेपलर : इतिहास पिनांच्या पट्टीचा

स्टेपलरचा इतिहास सांगणारे बहुतेक जण फ्रान्सच्या पंधराव्या लुईच्या दरबारातील राजचिन्हांकित पिनांपासून आरंभ करतात. कथा मनोरम खरी. पुरावा मात्र सहसा कुणी देत नाही. त्यापेक्षा अमेरिकेतील जॉर्ज मॅकगिलकडे वळणे श्रेयस्कर. १८७९ साली त्याने पेटंट घेतलेले यंत्र अडीच पौंडांहून जड होते. कागद टोचणे आणि पिनेचे पाय दुमडणे ही दोन्ही कामे त्यात एकाच दाबात होत. पण दर वेळी नवी पिन हाताने भरावी लागे.

माझ्या मते खरा प्रश्न दाबाचा नव्हताच. पिना एकमेकींना जोडायच्या कशा, हा होता. हॉचकिस कंपनीने त्या धातूच्याच एका लांब पट्टीत जोडून दिल्या. (जपानीत स्टेपलरला आजही ‘होचिकिसु’ म्हणतात, ते यावरूनच.) परंतु पट्टीतून पिन तोडायची तर जोरदार ठोसा हवा. १९२०च्या दशकात सुट्या पिना गोंदाने चिकटवून केलेल्या पट्ट्या आल्या आणि सांधा हलक्या दाबानेही सुटू लागला. पुढच्या दशकात स्विंगलाइनने वरचा भाग उघडून पट्टी ठेवण्याची सोय केली. जपानच्या मॅक्सने १९५२ मध्ये मुठीत मावणारा स्टेपलर काढला. त्याची दहा नंबरची पिन आपल्या कचेऱ्यांतही रुळली. मात्र पाच मिलिमीटर पायांच्या या पिनेला जाडजूड गठ्ठा पेलत नाही. तिथे अजूनही दाभण आणि दोराच लागतो.