गाडी लँड रोव्हर, पण लँड कुणाची?

तीर्थपुरीच्या चौकात निवडणुकीच्या काळात उभं राहिलं की पांढऱ्या गाड्यांची रांग मोजावी लागते. स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर, थार, आणि मधूनच लांबच्या नंबरची डिफेंडर किंवा रेंज रोव्हर. पोरं मोबाईल काढून गाडीसोबत फोटो घेतात. गाडीतून कोण उतरलं, त्यानं आपल्या वस्तीसाठी काय केलं, हा प्रश्न मागे पडतो आणि "भाऊ, ही किती कोटीची?" हा प्रश्न पुढे येतो. यात बौद्धवाड्यातली पोरंही असतात. त्यांना हसून किंवा रागावून सोडून द्यावं असं आम्हाला वाटत नाही. गाडीचं आकर्षण आपल्या समाजाला उगाच लागलेलं नाही, त्याला इतिहास आहे. आणि ज्या गाडीकडे आपण डोळे फाडून बघतो, तिलाही इतिहास आहे. हे दोन्ही इतिहास एकमेकांशेजारी ठेवून वाचायची गरज आहे.

आधी गाडीचा इतिहास. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा इंग्लंड जिंकलेलं असूनही कंगाल झालं होतं. पोलाद रेशनवर, आणि ज्या कारखान्याचा माल परदेशात विकला जाईल त्यालाच ते प्राधान्याने मिळायचं. रोव्हर कंपनीचा मुख्य इंजिनिअर मॉरिस विल्क्स याची वेल्समधल्या अँगलसी बेटावर शेती होती. तिथे तो अमेरिकन लष्कराची जुनी विलीज जीप वापरायचा. ही जीप मोडली तर पुढे काय, या विचारातून त्याने नव्या गाडीची कल्पना मांडली. १९४७ साली तयार झालेला पहिला नमुना जीपच्याच सांगाड्यावर होता आणि त्याचं स्टिअरिंग मधोमध होतं, ट्रॅक्टरसारखं. ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर जगासमोर आली. किंमत ४५० पौंड. पोलाद मिळत नाही म्हणून पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. रंग हिरवा, कारण लष्करी विमानांसाठी बनवलेला हिरवा रंग शिल्लक पडला होता. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंजिनची ताकद बाहेर काढून त्यावर शेतीची यंत्रं चालवायची सोय, जिला आपल्याकडे ट्रॅक्टरवाले पीटीओ म्हणतात.

म्हणजे आज जिला बघून आपण दिपून जातो ती गाडी जन्माला आली ती नांगरायला, मळणी करायला आणि चिखलातून माल ओढायला. रेंज रोव्हर १९७० साली आली तेव्हाही तिच्या आत चामडं नव्हतं. सीट रेक्झिनसारख्या, डॅशबोर्ड प्लॅस्टिकचा, शेतातून आल्यावर पाण्याच्या नळीने आतून धुऊन काढता यावी अशी. चामडं, लाकूड, गालिचा हे सगळं ऐंशीच्या दशकात चढत गेलं. कंपनीला कळलं की शेतकऱ्याला गाडी विकण्यापेक्षा शेताचा मालक असल्यासारखं दिसू पाहणाऱ्याला विकली तर नफा जास्त आहे. थॉर्स्टीन व्हेब्लेनने १८९९ साली लिहून ठेवलं होतं की रिकामटेकडा वर्ग वस्तू वापरतो त्या गरजेसाठी कमी आणि इतरांना दाखवण्यासाठी जास्त. ज्या गाडीला नदीनाल्यातून जायची ताकद दिली, ती मुंबईत मॉलच्या तळघरात उभी राहते, हे व्हेब्लेनला बघायला मिळालं असतं तर त्याने आणखी एक प्रकरण लिहिलं असतं.

या गाडीचा दुसराही एक चेहरा आहे. ब्रिटिश साम्राज्य मोडकळीला आलं त्या काळात ते सांभाळायला जे सैनिक आणि पोलीस पाठवले गेले, त्यांच्या बुडाखाली बऱ्याचदा लँड रोव्हर होती. १९५० च्या दशकात केनियातल्या माऊ माऊ उठावात लोक आपल्या जमिनी परत मागत होते. त्यांच्या गावांमध्ये ही गाडी सत्तेची गाडी म्हणून शिरली. उत्तर आयर्लंडच्या रस्त्यांवर पोलिसांच्या चिलखती लँड रोव्हर दशकानुदशकं फिरल्या. उलट जमैकाच्या बॉब मार्लेकडेही लँड रोव्हर होती आणि ती आज किंग्स्टनमधल्या त्याच्या संग्रहालयात ठेवलेली आहे. गाडी तीच, पण आत कोण बसलंय यावरून तिचा अर्थ बदलतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मालकीची कथा थोडक्यात सांगतो. रोव्हर ब्रिटिश लेलँडमध्ये गेली, १९८८ ला ब्रिटिश एरोस्पेसकडे, १९९४ ला जर्मन बीएमडब्ल्यूकडे, २००० ला अमेरिकन फोर्डकडे आणि जून २००८ मध्ये जॅग्वारसह टाटा मोटर्सकडे. सौदा २.३ अब्ज डॉलरचा. तेव्हा मराठी वर्तमानपत्रं आनंदाने भरून वाहत होती: ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांची कंपनी आपण विकत घेतली! हा 'आपण' कोण, असा आमचा प्रश्न आहे. भारतीय भांडवल जागतिक झालं हे खरं. पण खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही, कारखान्यात कंत्राटी कामगार वाढत चाललेत, आणि आयटीआय झालेली आपली पोरं चाकणला सहा-सात महिन्यांच्या बोलीवर राबून गावी परततात. मालक बदलल्याने राष्ट्राची छाती फुगत असेल. मजुराच्या चिठ्ठीवरचा आकडा त्याने बदलत नाही.

त्याच २००८ च्या जानेवारीत टाटांनी नॅनोही दाखवली होती, लाख रुपयांची गाडी. त्या नॅनोचं काय झालं? 'सगळ्यात स्वस्त गाडी' म्हणून तिची ओळख झाली ही चूक होती, असं खुद्द रतन टाटांनी नंतर मान्य केलं. २०१८ मध्ये तिचं उत्पादन बंद पडलं. इंजिन, टाकी, चाकं यांच्या चर्चा भरपूर झाल्या, पण या देशात गरिबाची म्हणून शिक्का बसलेली वस्तू गरीबही विकत घेत नाही, हे जातीच्या समाजाचं सत्य कुणी फारसं बोललं नाही. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, तिच्यात प्रत्येकाला आपल्याखाली कुणीतरी हवं असतं. गाड्यांचीही उतरंड असते.

आता आपला इतिहास. बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनातले दोन प्रसंग वाहनाचे आहेत, हे आपल्यापैकी किती जणांनी नीट पाहिलंय? पहिला १९०१ चा. लहानगा भीमराव, भाऊ आणि बहिणीची मुलं वडिलांना भेटायला निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे होते, भाडं द्यायला पैसे होते. जात कळली आणि एकही बैलगाडीवाला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं आणि अट अशी की गाडी पोरांनी हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार, म्हणजे विटाळ नको. दुसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा. तेव्हा ते बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सदस्य म्हणून अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करत होते. महारवाड्यातल्या लोकांनी त्यांना थांबवून घेतलं, पण टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. मग टांगा भाड्याने घेऊन आपल्यातल्याच एकाने हाकला, ज्याला सवय नव्हती. पुलावर टांगा उलटला, घोडा आणि टांगा खाली नदीत गेले आणि बाबासाहेबांच्या पायाचं हाड मोडलं. साधा टांगेवालादेखील स्वतःला बॅरिस्टर अस्पृश्यापेक्षा वरचा समजतो, हे त्यांनी त्यातून नोंदवून ठेवलं.

या दोन्ही ठिकाणी अडचण पैशाची नव्हती. पैसे असूनही वाहन मिळालं नाही, कारण वाहनाचा मालक दुसरा होता. म्हणून आपल्या पोराने जुनी का होईना, स्कॉर्पिओ घेतली आणि मागच्या काचेवर निळ्या अक्षरात जयभीम लिहिलं, तर तो नुसता चंगळवाद आहे असं म्हणणाऱ्या शहाण्यांशी आमचं पटत नाही. जातीचा हा प्रश्न संपलेला असता तर संसदेला कायदा करावा लागला नसता. २०१५ च्या दुरुस्तीने अत्याचार प्रतिबंधक कायद्यात स्पष्ट शब्द आले: अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवायला, चप्पल किंवा नवे कपडे घालायला, लग्नाची वरात काढायला, वरातीत घोड्यावर किंवा वाहनावर बसायला अडवणं हा गुन्हा आहे. सायकल! एकविसाव्या शतकात कायद्याच्या पुस्तकात सायकलचं नाव घालावं लागलं. ही दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ ला लागू झाली. योगायोग असा की जुन्या डिफेंडरची शेवटची गाडी इंग्लंडमधल्या सॉलिहलच्या कारखान्यातून बाहेर पडली ती २९ जानेवारी २०१६ ला. तिकडे एका गाडीला निरोप देण्याचा सोहळा चालला होता, आणि त्याच आठवड्यात इकडे माणसाला सायकलवर बसू द्या असा कायदा अमलात येत होता.

तर गाडीत बसणं हा हक्क आहे, सन्मान आहे, यावर वाद नाही. वाद पुढचा आहे. गाडीची मालकी आणि सत्तेची मालकी या एक नाहीत.

आमच्या भागात बघा. ऊस, कापूस आणि मोसंबीचा हा पट्टा, गावातच साखर कारखाना. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चालतात. आपल्यातला तरुण फायनान्सवर जुनी गाडी घेतो, ती लग्नाला, निवडणुकीला भाड्याने लावतो. दोन महिने बरे जातात. मग हप्ता थकतो आणि फायनान्सवाले एका सकाळी गाडी उचलून नेतात. काचेवरचं जयभीम गाडीबरोबर यार्डात जातं. ज्याच्याकडे वीस एकर बागायत आहे त्याचाही हप्ता थकतो, पण त्याच्यामागे जमीन असते, सोसायटी असते, कारखान्याचं बिल असतं. आणि महागड्या गाडीवाल्यांचंही सगळं सुखाचं नसतं, बरं का. अमेरिकेतल्या जे. डी. पॉवरच्या टिकाऊपणाच्या पाहणीत २०२१ आणि २०२३ या दोन्ही वर्षी लँड रोव्हर तळाला होती. पण ती गॅरेजमध्ये उभी राहिली म्हणून मालकाची चूल विझत नाही.

एक साधा हिशेब करू. २०२४ पासून रेंज रोव्हर पुण्यात जुळवली जाऊ लागली, किंमत उतरली असं सांगितलं गेलं. उतरूनही ती दोन कोटींच्या वरच. आता राज्य सरकारची कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजना घ्या. भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत, २०१८ पासून शंभर टक्के अनुदानावर. जिरायतीचा दर एकरी पाच लाखांपर्यंत धरलेला आहे. म्हणजे एका कुटुंबाला वीस लाख. एका रेंज रोव्हरच्या पैशात दहा भूमिहीन कुटुंबं चाळीस एकरांची मालक होतात. अर्थात त्या दरात जमीन विकायला कुणी तयार होत नाही, आणि विकायला काढलेली असली तरी आपल्याला विकायची नसते. अनुदान कागदावर आणि जमीन जिथल्या तिथे.

ज्या दादासाहेबांचं नाव या योजनेला दिलं, त्यांनी जमीन मागितली ती विनंतीअर्ज करून नव्हे. १९५३ साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने याच मराठवाड्यात पडीक जमिनीसाठी सत्याग्रह केला. ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, तीन लाखांवर माणसं तुरुंगात गेली. चालत गेली, एसटीने गेली, बैलगाडीने गेली. त्या लढ्याचा धागा पुढे गायरानांत आला. आपल्या आज्या-आजोबांनी दगडगोटे वेचून गायरान वहितीखाली आणलं, पिकं नासवली गेली तरी पुन्हा पेरलं. त्यातून २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला: १४ एप्रिल १९९० पर्यंतची पात्र मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायची. तारीख बघा, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची सुरुवात.

तीस वर्षं उलटून गेली. कित्येकांच्या नावाने सातबारा अजून झालेला नाही. उलट २०२२ च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर गायरानवाल्यांना नोटिसा निघाल्या आणि वस्त्यांमध्ये झोप उडाली. तहसीलला जाऊन विचारलं की सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपाल सिंह निकालाचा हवाला दिला जातो. तो निकाल पूर्ण वाचा. गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करा असं सांगतानाच, सरकारी अधिसूचनेखाली भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात नोंदवलेला आहे. हा परिच्छेद साहेब वाचून दाखवत नाहीत, तो आपल्याला वाचून दाखवावा लागतो.

म्हणून ज्या पोरांनी चौकात डिफेंडरसोबत फोटो काढले, त्यांच्याकडे आमचं एक काम आहे. घरातली जुनी पत्र्याची पेटी उघडा. अतिक्रमणाच्या दंडाच्या पावत्या, पीकपाहणीचे उतारे, जुन्या पोलीस केसचे कागद, आजोबांच्या नावाची नोटीस, जे सापडेल त्याची छायांकित प्रत काढा. तलाठ्याकडे गाव नमुना एक-ई मागा, ती अतिक्रमणाची नोंदवही असते, आणि १४ एप्रिल १९९० पूर्वीची नोंद शोधा. दिली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. ज्यांच्याकडे बचत गट आहे आणि गटातले ऐंशी टक्के सदस्य अनुसूचित जाती-नवबौद्ध आहेत, त्यांनी समाजकल्याणच्या मिनी ट्रॅक्टर योजनेचीही चौकशी करावी, तिला नव्वद टक्के अनुदान आहे. १९४८ ची लँड रोव्हर जे काम करायला जन्मली होती, ते काम हा ट्रॅक्टर करतो. फक्त त्याला चालायला स्वतःची जमीन लागते, आणि तिचे कागद आधी गोळा करावे लागतात.