थव्यातला पक्षी, घरातला पक्षी

हल्ली आपल्याकडे पाळला जाणारा सन कन्यूर मूळचा दक्षिण अमेरिकेतला, गयाना-ब्राझीलकडचा. त्याचा एक नातलग उत्तर अमेरिकेत होता, कॅरोलिना पोपट. जंगलं तुटली, टोप्यांसाठी त्याची पिसं गेली, आणि फळबागा नासवतो म्हणून शेतकऱ्यांनी त्याला गोळ्या घातल्या. पण घात केला तो त्याच्या स्वभावानं. एक पक्षी पडला की थवा पळून जायचा नाही. ओरडत त्याच्याभोवतीच परत यायचा, आणि पुन्हा बार व्हायचा.

सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात शेवटी एक जोडी उरली, इन्कास आणि लेडी जेन. सुमारे ३० वर्षांची सोबत. १९१७ मध्ये ती गेली. २१ फेब्रुवारी १९१८ ला तोही गेला.

आता सांगा, तुम्ही खोलीबाहेर पडलात की तुमचा कन्यूर का किंचाळतो? तो थव्याला हाक मारतोय! मोठा पिंजरा आणि ताजी फळं हवीतच, पण तेवढ्यानं भागत नाही. त्याच्या लेखी थवा म्हणजे तुम्ही. रोज त्याला वेळ देणं जमणार नसेल, तर कन्यूर घरी आणूच नका.