केतकरांचा ब्रह्मा

मी काही खगोलशास्त्राचा माणूस नव्हे. बी. ए. झालो तो मराठी घेऊन, आणि गणिताशी दहावीनंतर बोलणेच बंद झाले. पण आकाशाकडे डोळे लावून बसण्याची सवय मात्र लहानपणापासूनची. रमजानच्या एकोणतिसाव्या रोज्याला संध्याकाळी आमचा सारा मोहल्ला गच्च्यांवर चढे. कुणीतरी 'दिसला, दिसला' म्हणून ओरडे आणि त्याच्या बोटामागून दहा जणांना चंद्र दिसू लागे. माझे वडील त्या ओरडणाऱ्याला जवळ बोलावून हलकेच विचारीत, "बेटा, टोकं कुणीकडं होती?" पुष्कळदा पोरगा गप्प होई.

आज ज्या ग्रहाची गोष्ट सांगणार आहे, तो तर अजून कुणालाच दिसलेला नाही. नेपच्यूनच्या पलीकडे आणखी एक मोठा ग्रह असला पाहिजे, असे म्हणत माणसे शंभराहून अधिक वर्षे त्याला शोधत आहेत. या शोधात आपला एक मराठी शाळामास्तरही होता.

न पाहिलेल्या ग्रहाचा पत्ता कागदावर सापडतो, हा विश्वास नेपच्यूनने दिला. १७८१ साली हर्शेलने युरेनस शोधला. पण हा नवा ग्रह गणिताने नेमून दिलेल्या जागी वेळेवर हजर होईना. कुणीतरी बाहेरून त्याला ओढत असावे, असे मानून पॅरिसच्या ल व्हेरिएने त्या अज्ञात ग्रहाची जागा मांडली आणि बर्लिनच्या वेधशाळेतील गाले यांना पत्र धाडले. पत्र पोहोचले २३ सप्टेंबर १८४६ रोजी. त्याच रात्री गाले दुर्बिणीपाशी बसले. ते दिसणाऱ्या ताऱ्यांची वर्णने मोठ्याने सांगत होते आणि द'आरेस्ट नावाचा विद्यार्थी नकाशावर ताडून पाहत होता. एका ताऱ्याशी तो थबकला. तो नकाशात नव्हता. सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आतच नेपच्यून सापडला होता.

याच ल व्हेरिएने पुढे बुधाच्या चालीतला फरक पाहून सूर्याजवळ आणखी एक ग्रह मांडला. त्याचे नावही ठरले, व्हल्कन. तो पाहिल्याचे सांगणारेही निघाले! १९१५ साली आइन्स्टाइनच्या नव्या सिद्धांताने तो फरक आपोआप सुटला आणि व्हल्कन नाहीसा झाला. त्या पाहणाऱ्यांना टोके कुणी विचारली नव्हती.

आता आपल्या केतकरांकडे येऊ. व्यंकटेश बापूजी केतकर, जन्म १८५४. ज्ञानकोशकार केतकर ते वेगळे. हे पेशाने शिक्षक, 'ज्योतिर्गणित' या ग्रंथाचे कर्ते, पंचांगे प्रत्यक्ष आकाशाशी जुळावीत म्हणून आयुष्यभर आकडेमोड करणारे. पदरी दुर्बीण-वेधशाळेचा सरंजाम नाही. गुरूच्या चंद्रांच्या गतींमध्ये लाप्लासने एक मेळ दाखवला होता. त्यावरून ग्रहांचा विचार करीत केतकरांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे मांडले. १९११ साली फ्रान्सच्या खगोलसंस्थेच्या पत्रिकेत ते छापून आले. नावे दिली ब्रह्मा आणि विष्णू. पृथ्वी सूर्यापासून जितकी दूर, त्याच्या सुमारे ३९ पट दूर ब्रह्मा आणि त्याची एक प्रदक्षिणा सुमारे २४२ वर्षांची.

तिकडे अमेरिकेत श्रीमंत पर्सिव्हल लॉवेल स्वतःच्या पैशाने उभारलेल्या वेधशाळेत 'प्लॅनेट एक्स'च्या मागे लागला होता. युरेनसच्या चालीत अजूनही थोडी चूक उरते, असा त्याचा हिशेब. १९१६ साली तो हाती काही न लागताच गेला. त्याच्या मागे त्या वेधशाळेने कॅन्सस प्रांतातला एक शेतकऱ्याचा मुलगा नोकरीला ठेवला, क्लाइड टॉम्बॉ. त्याचे काम ऐकूनच डोळे दुखू लागतात. आकाशाच्या एकाच तुकड्याचे काही दिवसांच्या अंतराने काढलेले दोन फोटो यंत्रात घालायचे, आलटूनपालटून पाहायचे आणि त्या लाखो ठिपक्यांतला कोणता ठिपका सरकला ते हुडकायचे. १८ फेब्रुवारी १९३० रोजी एक ठिपका सरकला. १३ मार्चला जगाला बातमी कळली. ग्रहाचे नाव ठेवले प्लूटो.

प्लूटोचे सरासरी अंतर सुमारे ३९.५ पट, प्रदक्षिणा २४८ वर्षांची. केतकरांच्या आकड्यांशेजारी हे आकडे ठेवले की आपली छाती फुगते. माझीही फुगली होती. मराठी मास्तराने प्लूटो आधीच सांगितला होता, असे मी चार ठिकाणी सांगितलेही आहे. पण पुढचे वाचल्यावर जीभ आखडती घ्यावी लागली.

१९७८ साली प्लूटोला चंद्र असल्याचे दिसले आणि त्यावरून प्लूटोचे वजन काढता आले. ते आपल्या चंद्राच्या एक-पंचमांशाहूनही कमी! एवढासा जीव युरेनसला काय ओढणार? १९८९ साली व्हॉयेजर-२ नेपच्यूनजवळून गेले आणि नेपच्यूनचे वस्तुमान नेमके कळले. १९९३ साली स्टँडिश यांनी ते घालून हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा लॉवेलची ती चूक उरलीच नाही. जिच्यासाठी ग्रह शोधला ती चूकच नव्हती, आणि तरीही नेमलेल्या भागातच काहीतरी सापडले होते. टॉम्बॉने पुढे १९४३ पर्यंत बाकीचे बरेचसे आकाशही पालथे घातले.

केतकरांचा हिशेब या चुकीवर उभा नव्हता, त्यामुळे तो लॉवेलसारखा कोसळत नाही. शिवाय नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत प्लूटोच्या दोन होतात, हा मेळ १९६५ साली खरोखरच सिद्ध झाला. तेव्हा मेळ शोधण्याची त्यांची नजर वेडी नव्हती. पण विष्णू मिळाला नाही. दोनांतला एक बाण लागला, तर तो नेम की योग? मी योगाच्या बाजूचा. केतकर मला त्यामुळे लहान वाटत नाहीत. फक्त प्लूटोचा शोध मी त्यांच्या नावावर लिहीत नाही. प्लूटो सापडल्यावर पाचच महिन्यांनी, ऑगस्ट १९३० मध्ये ते गेले.

२००६ साली प्लूटोचे ग्रहपद गेले. त्याला कारण झालेला एरिस शोधणाऱ्यांपैकी माईक ब्राउन यांनीच २०१६ साली बॅटिगिन या सहकाऱ्यासह नवा दावा मांडला. फार दूरच्या सहा छोट्या गोलांच्या कक्षा एकाच बाजूला झुकलेल्या दिसतात, म्हणजे त्यांना वळवणारा, पृथ्वीहून कितीतरी जड असा नववा ग्रह असावा. विरोधक म्हणतात, दुर्बिणी जिकडे वळवल्या तिकडचेच गोल सापडले, त्यात झुकाव दिसणारच. २०२५ साली जाहीर झालेला एक गोल तर त्या झुकावात बसतच नाही.

चिलीतील डोंगरावर रुबिन वेधशाळा उभी आहे. तिचा आरसा ८.४ मीटरचा. जून २०२५ मध्ये तिची पहिली छायाचित्रे आली. दहा वर्षे ती दक्षिणेकडचे आकाश पुन्हा पुन्हा टिपणार आहे, आणि टॉम्बॉ डोळ्यांनी करीत होता ते ठिपके ताडण्याचे काम संगणक करणार आहेत. ग्रह सापडलाच, तर विष्णू हे नाव मात्र मिळणे अवघड. ते १९८६ साली सापडलेल्या एका लघुग्रहाला देऊन झाले आहे.