वॉलब्रुकच्या चिखलातील लंडन

दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या जुन्या गाभ्यावर बाँब पडून तेथील कित्येक इमारती धुळीस मिळाल्या. एरव्ही ज्या भूमीस कोणी कुदळ लावू दिली नसती, ती त्यामुळे काही वर्षे मोकळी पडली. तिच्या पोटात रोमन काळातील लंडन होते. परंतु नव्या इमारतींचे पाये खोल जाणार, आणि जे हाती लागणार नाही ते कायमचे जाणार, हेही उघड होते. म्हणून १९४६ साली एक उत्खनन मंडळ स्थापन झाले व त्याचे काम डब्ल्यू. एफ्. ग्राइम्स यांजकडे आले. पैसा तुटपुंजा, माणसे मोजकी.

वॉलब्रुक नावाचा एक ओढा शहराच्या रस्त्यांखाली गडप झालेला आहे. त्याचे मूळ पात्र शोधावे म्हणून १९५२ पासून ग्राइम्स यांनी तेथे चर खणले, तो एका देवळाच्या भिंती लागल्या. मुदत संपत आली असता, १९५४ च्या सप्टेंबरच्या १८ तारखेस मिथ्र देवाचे संगमरवरी मस्तक वर आले. ऋग्वेदातील मित्र आणि पारशांचा मिथ्र यांचा हा नावाने तरी भाऊबंदच. रोमनांची उपासना पूर्वेकडून कितपत आली याविषयी पंडितांत एकमत नाही; नावाचे नाते मात्र निःसंशय. देऊळ इ. स. २४० च्या सुमाराचे असून आत दोन्ही बाजूंस सात सात खांब होते.

वर्तमानपत्रांत बातमी येताच लोकांची रीघ लागली. पंधरवड्यात सुमारे ४ लक्ष माणसे ते पाहून गेली. चर्चिल यांच्या मंत्रिमंडळातही विषय निघाला. एवढ्या गलबल्याचे फळ म्हणजे थोडी अधिक मुदत! देवळाचे दगड काढून नेले गेले आणि १९६२ साली ते जवळच एका चौथऱ्यावर, नव्या सिमेंटने, मूळ पातळीपेक्षा पुष्कळ उंच मांडण्यात आले. त्यास जीर्णोद्धार म्हणणे कठीण. दगड जुने, देऊळ निराळे.

पुढे व्यवस्था पालटली. १९८९ साली रोझ या शेक्सपिअरकालीन नाटकगृहाचे अवशेष नव्या इमारतीच्या जागी सापडून मोठा वाद झाला, आणि १९९० साली इंग्लंडात सरकारी धोरण ठरले की परवानगी देण्यापूर्वी जमिनीतील अवशेषांचा विचार व्हावा आणि खोदकामाचा भार बांधणाऱ्याने सोसावा. ग्राइम्स यांस जे याचनेने मिळवावे लागले, ते आता अटीने मिळू लागले.

वॉलब्रुकची तीच जागा पुढे ब्लूमबर्ग या कंपनीने घेतली. २०१० ते २०१४ पर्यंत पन्नासाहून अधिक संशोधक तेथे खपत होते. मधल्या इमारतीच्या पायाने बरेच गिळले असले तरी खालचा ओला चिखल पुष्कळ ठिकाणी शाबूत होता. अशा चिखलात हवा पोचत नाही, म्हणून लाकूड व चामडे कुजत नाही. तो एकदा उपसला की हे रक्षण संपते. तेथून १४,००० वर वस्तू निघाल्या. देऊळही २०१७ मध्ये मूळ जागेजवळ, रस्त्याखाली सुमारे ७ मीटर खोल, पुन्हा मांडले गेले.

परंतु खरा ठेवा म्हणजे ४०० हून अधिक लाकडी पाट्या. त्यांच्या खळग्यात मेण भरून टोकदार लेखणीने लिहीत. मेण केव्हाच गेले. लेखणीचा जोर जेथे लाकडापर्यंत पोचला तेथे ओरखडे राहिले, आणि रॉजर टॉमलिन यांनी ते वाचले. एक पाटी इ. स. ५७ च्या ८ जानेवारीची आहे. तिबुल्लस नावाचा दास्यमुक्त मनुष्य ग्रातस नावाच्या दुसऱ्या दास्यमुक्तास विकत घेतलेल्या मालाचे १०५ देनारी देणे लागतो, असे तीत लिहून दिले आहे. आपल्या सावकारी खतांहून हे फार वेगळे नाही. दुसरी पाटी ६२ सालच्या २१ ऑक्टोबरची. बूडिका राणीच्या बंडात लंडन व वेरुलामियम ही दोन्ही गावे जळून अवघे एकदोन वर्षे लोटली होती. आणि त्या पाटीत वेरुलामियमहून लंडनला धान्यसामग्रीची २० ओझी आणून पोचविण्याचा करार आहे.