दबा, जाळे आणि लास्का

'ॲना कॅरेनिना' या कादंबरीचा विचार करताना तिच्या सहाव्या भागातील शिकारीची प्रकरणे बहुधा घाईने उलटली जातात. आपले लक्ष ॲना आणि व्रॉन्स्की यांच्याकडे लागलेले असते. दलदलीत पाणलाव्यांच्या मागावर निघालेला लेविन आणि त्याची कुत्री लास्का हे आपल्याला विषयांतर वाटते. मूळ रशियनमध्ये लास्का ही केवळ 'पक्षी दाखवणाऱ्या' जातीची कुत्री आहे. कॉन्स्टन्स गार्नेट यांच्या 1901च्या इंग्रजी भाषांतरात ती 'सेटर' झाली, आणि मराठी वाचकाला ती बहुधा त्याच रूपात भेटते. या एका शब्दामागे तीनशे वर्षांचा इतिहास असून तो समजून घेतल्याशिवाय तॉलस्तॉयने तेथे काय साधले आहे हे नीट कळत नाही, असे आमचे मत आहे.

त्यासाठी प्रथम इंग्लंडकडे वळावे लागेल. केंब्रिजचा विद्वान वैद्य जॉन कायस याने 1570 मध्ये ब्रिटनमधील कुत्र्यांविषयी एक लॅटिन पुस्तिका प्रसिद्ध केली. अब्राहम फ्लेमिंगने 1576 मध्ये ती इंग्रजीत आणली. तीत या कुत्र्याचे वर्णन येते. पक्ष्याचा वास लागताच तो भुंकत नाही, धावत नाही. पोट जमिनीला टेकवून अळीसारखा सरपटत पुढे जातो आणि थांबतो. मग शिकारी जाळे पसरतो. त्याची खूण होताच कुत्रा उठून आणखी जवळ जातो आणि बिथरलेले तित्तिर आपण होऊन जाळ्यात शिरतात. 'सेटर' हे नाव या बसण्यावरून आले. मराठीत आपण 'दबा धरणे' म्हणतो. पण वाघ दबा धरतो तो स्वतःच्या झडपेसाठी. सेटरचा दबा दुसऱ्यासाठी आहे. ज्या क्षणी झडप घालायची त्याच क्षणी थांबायचे, ही निसर्गाला घातलेली विलक्षण मुरड म्हणावी लागेल.

17व्या शतकाच्या उत्तरार्धात उडत्या पक्ष्यावर बंदूक चालवण्याची रीत इंग्लंडमध्ये रुळत गेली आणि जाळे मागे पडले. जमिनीला चिकटण्याचे आता कारण उरले नाही; उलट, उंच गवतात कुत्रा लांबून दिसला पाहिजे. पुढे सेटर उभ्यानेच पक्षी दाखवू लागला. नाव मात्र बसण्याचेच राहिले.

या शिक्षणाला इंग्रजीत रूढ असलेला शब्द 'मोडणे' या अर्थाचा आहे, आणि प्रत्यक्षातही ते बरेचदा चाबकाने होई. लेफ्टनंट कर्नल हचिन्सन याने 1848 मध्ये लिहिलेल्या पुस्तकाच्या शीर्षकात हाच शब्द आहे. परंतु आतला आशय जवळजवळ त्याच्या विरोधातला. पहिले धडे शेतात नव्हे तर घरात, बक्षीस म्हणून खाऊचा तुकडा, आणि हाताच्या ठरावीक खुणा. वस्तुतः हे भाषेचे शिक्षण आहे. याउलट एडवर्ड लॅव्हरॅक याने 1872च्या 'द सेटर' या ग्रंथात सारा भर रक्तावर दिला. 1825च्या सुमारास मिळवलेल्या पाँटो आणि ओल्ड मोल या एकाच जोडीपासून आपण सारा वंश चालवला, असा त्याचा दावा होता. त्या वंशावळींवर पुढे बरीच शंका घेतली गेली. ते असो, वंशशुद्धीचे वेड त्या काळात केवळ कुत्र्यांपुरते नव्हतेच.

हचिन्सन असो वा लॅव्हरॅक, दोघांच्याही विवेचनात ज्ञानाची मालकी माणसाकडेच राहते. तॉलस्तॉय ती काढून घेतो. पहाटे, सोबती झोपलेले असताना, लेविन एकटाच निघतो. लास्काला वास लागला आहे. पण लेविन रागाने भलत्याच दिशेला बोट दाखवतो, जेथे नुसते पाणी आहे. ती त्याचे मन राखण्यासाठी तेथे शोधल्यासारखे करते आणि परत आपल्या जागी येते. पुढे ती दबा धरून थांबली असता तो तिला गुडघ्याने पुढे ढकलतो. येथून मला त्यांचा वास येतो, पुढे गेले तर काहीच कळणार नाही, असे तिला वाटते. तरीही ती जाते, मात्र परिणामाची जबाबदारी आपली नाही असे मनाशी म्हणून. प्रशिक्षित प्राण्याच्या आज्ञापालनात किती शहाणपण गिळलेले असते, हे एवढ्या अल्प शब्दांत आम्हांला अन्यत्र आढळलेले नाही. आपल्या शेतीवरील मजुरांना काय कळते याविषयी कादंबरीभर गोंधळलेल्या लेविनला हे कळत नाही, ही त्यातली आणखी एक खोच.

कादंबरी 1875 ते 1877 या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. त्यानंतरच्या दशकात स्वतः निष्णात शिकारी असलेल्या तॉलस्तॉयने शिकार सोडली आणि 1890 मध्ये व्लादिमीर चेर्तकोव्हच्या शिकारविरोधी पुस्तिकेला प्रस्तावना लिहिली.