भोपाळची माती

भोपाळ म्हटले की १९८४ च्या २ डिसेंबरची रात्र आठवते. त्या वायूने हजारो माणसे मारली. परंतु युनियन कार्बाइडच्या आवारातील माती त्याच रात्री नासली, हा सरसकट समज खरा नव्हे. मिथाइल आयसोसायनेटचे पाण्याशी संयोग होताच विघटन होते. तो मातीत वर्षानुवर्षे टिकत नाही. मातीची कहाणी त्याआधीची आहे.

कारखाना १९६९ पासून चालू होता. तेथे 'सेविन' हे कीटकनाशक तयार होई. त्यात लिंडेन मिसळून 'सेविडॉल'ही करीत. उरलेला डांबरी गाळ, वापरलेली द्रावके, बिघडलेला माल हे सारे आवारातच खड्डे खणून पुरले जाई. १९७७ मध्ये उत्तरेस मोठी तळी बांधली. उन्हाने पाणी उडून जावे व मळ तळाशी राहावा, अशी योजना. खाली प्लास्टिकचे अस्तर. ते टिकले नाही. गळतीची वार्ता १९८२ मध्येच अमेरिकेतील मूळ कंपनीस कळविली गेली होती, म्हणजे दुर्घटनेच्या दोन वर्षे आधी! पुढच्या तपासण्यांत मातीत पारा, क्लोरीनयुक्त बेंझिने आणि लिंडेनच्या कुळातील एचसीएच सापडले. ही द्रव्ये मातीत दीर्घकाळ राहतात, आणि त्यांतील काही पावसाच्या पाण्याबरोबर हळूहळू खाली झिरपतात. आसपासच्या वस्त्यांतील हातपंपांचे पाणी असे बिघडले. तेथे शुद्ध पाणी पुरवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २००४ मध्ये द्यावा लागला.

१ जानेवारी २०२५ च्या रात्री या कारखान्यातील ३३७ टन कचरा बारा कंटेनरांतून पीथमपुरास निघाला, तेव्हा ही कहाणी आम्हा इंदूरकरांच्या दाराशी आली. पीथमपूर येथून अवघे पंचवीस-तीस किलोमीटर. निदर्शने झाली, न्यायालयाच्या देखरेखीखाली चाचण्या झाल्या, आणि जूनअखेर तो जाळून संपला. 'भोपाळ मुक्त झाले' असे अनेकांनी म्हटले. पण जळाला तो २००५ च्या सुमारास गोळा करून गोदामात ठेवलेला कचरा. जमिनीत मुरलेल्याचे काय? सरकारी संशोधनसंस्थांनी २०१० मध्ये दूषित मातीचा अंदाज केला होता, तो सुमारे अकरा लाख टनांचा. ती माती कंटेनरांत चढली नाही.

जाळताना चुना मिसळावा लागतो, म्हणून राखेचे वजन मूळ कचऱ्याहून अधिक भरले. ती कोठे पुरावी, हा वाद पुन्हा उच्च न्यायालयापुढे गेला.