पाव आपल्या घरात उशिरा का आला?



‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांचा. त्यांनी १५१० मध्ये गोवा घेतले. तिथे पीठ फुगवायला माडी वापरली जाई. पुढे पाव खाल्ला की धर्म बुडाला, अशी समजूत पसरली. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमधल्या चहा-बिस्किटांवरून टिळक-रानड्यांपर्यंत प्रायश्चित्ताचा वाद गेला.

आपल्या आजींचा नकार नुसता बाटण्याच्या भीतीचा नव्हता. त्यांना माडी, आंबवणातले जीव आणि शिळे अन्न नको होते. भाजणे परके नव्हतेच. मारवाडातून नगरला आलेल्या घरांत गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर बाटी होत असे.

आयर्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकापासून यीस्टशिवाय ब्रेड करतात. ताकाच्या आंबटपणाने सोडा फसफसतो, पीठ लगेच फुलते. तो आपल्यालाही चालेल. सकाळी भाजा, सूर्यास्ताआधी संपवा. आजींचा नियमही राहील, नातवंडांचा हट्टही.